ट्रान्सप्लांटनंतर पेशंट जेवत नाही? या चुका टाळा

बाबांचं मायलोमासाठी, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी, ऑटोलॉगस ट्रान्सप्लांट झालं, म्हणजे स्वतःच्याच स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) काढून ठेवतात आणि मोठ्या केमोनंतर परत देतात. आजाराबद्दल आम्ही खूप वाचून गेलो होतो, जेवणाबद्दल काहीच नाही, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच झाल्या.

पहिली चूक तर केमोच्या दिवशीच. मेल्फलान हे केमोचं औषध चालू असताना नर्सने बर्फ चघळायला दिला होता. आई म्हणाली नको गं, सर्दी होईल, आणि बाबांनीही चार खडे चघळून सोडून दिलं. थंडीने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, मग औषध तिथे कमी पोचतं आणि तोंड कमी येतं, हे आम्हाला नंतर कळलं. दात कळा मारतात हे खरं, पण वॉर्डने दिलेला बर्फ ते सांगतील तेवढा वेळ चघळायला लावाच.

आठवड्याभरात बाबांचं तोंड आलं. घरी येतं तसं नाही हो, ओठांपासून पार घशापर्यंत सोललेलं. तरी मी "बाबा एकच घास" करत वरणभात भरवला, त्यांनी तो तोंडात तसाच धरून ठेवला, गिळता येईना, डोळ्यांतून पाणी, शेवटी किडनी ट्रेमध्ये काढला. तो घास मी विसरलेली नाही. जबरदस्ती करू नका. दुखण्याचं आणि मळमळीचं औषध जेवणाच्या अर्धा तास आधी मिळेल का ते नर्सला विचारा, मग कोमट किंवा गार, पातळ, बिनतिखट, बिनआंबट असं द्या. मुगाचं वरण घालून मिक्सरमधून काढलेला मऊ भात, रव्याची खीर, नाचणी सत्त्व असं काहीही चालतं, आणि ताट भरून नाही तर दर तासा-दोन तासांनी चार चमचे. बाबा म्हणायचे लोखंड चाटल्यासारखं लागतंय, तर स्टीलचा चमचा बदलून प्लॅस्टिकचा दिला, थोडा फरक पडला.

डॉक्टरांनी नाकातून नळी घालूया म्हटल्यावर आम्ही दोन दिवस नको नको करत काढले, आम्हाला वाटलं आता संपलंच. तसं काही नसतं. पोटात अन्न जात राहिलं तर आतड्यालाही बरं, आणि रक्तातल्या पेशी वाढायला लागल्या की तोंड भरून येतं, नळी निघते.

नातेवाइकांचा काढा, गुळवेल, घरचं दही, शहाळं, सगळं आधी डॉक्टरांना विचारा. भाऊ-बहिणीच्या किंवा इतर डोनरच्या सेल घेतल्या असतील तर जास्तच, कारण तेव्हा प्रतिकारशक्ती दाबायला दिलेल्या टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन या औषधांनी रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि शहाळ्यात ते भरपूर असतं, पपनस-ग्रेपफ्रूटने तर औषधाची रक्तातली पातळीच बिघडू शकते. उलट टोकाची चूक म्हणजे सगळंच बंद करून फक्त पेजेवर ठेवणं. इटलीतल्या २०२३ च्या एका अभ्यासात स्वच्छ बनवलेलं नेहमीचं जेवण कडक पथ्याइतकंच सुरक्षित निघालं, तरी आपल्या ट्रान्सप्लांट युनिटचे नियम काय आहेत ते विचारून तेच पाळा.

घरी आल्यावर चव यायला कित्येक आठवडे लागतात, कधी महिने. आम्ही रोज सकाळी वजन वहीत लिहायचो. ते सारखं उतरत असेल, पाणीही पोटात ठरत नसेल किंवा ताप १००.४ ला गेला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, रात्र असली तरी युनिटला फोन लावा.