रबराच्या फासाचा खेळ
उन्हाळ्यात पोट्टे घरात कंटाळले की अंगणात चुन्याच्या फक्कीनं आठ फुटांचा समुद्रसिंह (सी लायन, सीलसारखा समुद्रातला प्राणी) काढायला लावा. कॅलिफोर्नियाचा मोठा नर एवढा भरतो. वजन साडेतीन क्विंटलपर्यंत. (कापसाशी हिशेब पोट्टे आपसूकच जुळवतात.) कान विसरू नका, समुद्रसिंहाचे कान बाहेर दिसतात, खऱ्या सीलचे दिसत नाहीत. मग सैलसा रबर बँड हाताच्या पाठीवरून अंगठा ते करंगळी अडकवा आणि दुसरा हात न लावता काढायला सांगा, मिनिटभरच. मानेत प्लास्टिकची पट्टी अडकलेल्या समुद्रसिंहाचं असंच होतं. तो वाढतो, पट्टी वाढत नाही. लगेच घरातल्या खोक्यांच्या प्लास्टिक पट्ट्यांची गोल कडी कापून उघडी करा. कारण वर्धा नदीचं पाणी प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला मिळतं. तिथे समुद्रसिंह नाहीत, पण कासवं आहेत.