फ्लुएंटचं यूडीएफ अडलं तर कुठून बघायचं

फ्लुएंट हे प्रवाह आणि उष्णतेची गणितं सोडवणारं सॉफ्टवेअर, आणि आपण सी भाषेत लिहून त्याला जोडतो ते फंक्शन म्हणजे यूडीएफ, यूझर-डिफाइन्ड फंक्शन. ‘यूडीएफ चालत नाही’ म्हणत कोणी माझ्याकडे आलं, की मी कोड उघडायच्या आधी विचारते, ते नेमकं कुठे अडलं? कंपाइल होताना, लायब्ररी लोड होताना, पहिल्याच इटरेशनला (गणिताच्या पहिल्याच फेरीला), की सगळं सुरळीत चालून उत्तरच भलतं आलं? या चारही ठिकाणची कारणं वेगळी असतात. दुसरी गोष्ट अशी, की हे फंक्शन आपण बोलावत नाही, सॉल्व्हर, म्हणजे फ्लुएंटचा गणित सोडवणारा भाग, बोलावतो. केव्हा, किती वेळा, कोणत्या प्रोसेसवर आणि त्या क्षणी मेमरीत काय तयार असताना, हे सगळं तो ठरवतो. सी चांगली येणारी मुलंही इथेच अडखळतात, कारण ओळ न् ओळ बरोबर असूनही फंक्शन चुकीच्या वेळी बोलावलं गेलेलं असतं.

कंपाइलचं लवकर आटपतं. विंडोजवर ‘एनमेक’ सापडत नाही असा निरोप आला तर कोड तपासत बसू नका, फ्लुएंटला कंपाइलरच मिळालेला नाही. व्हिज्युअल स्टुडिओच्या ६४ बिट नेटिव्ह टूल्स प्रॉम्प्टमधून फ्लुएंट सुरू करा, किंवा नव्या आवृत्त्यांत सोबत येणारा अंगभूत कंपाइलर निवडा. ‘लिबयूडीएफ (कंपाइल होऊन बनणारी लायब्ररी) उघडता येत नाही’ हा निरोप तर बहुतेक वेळा परिणाम असतो, कारण नव्हे. कन्सोलवर मागे जा आणि सगळ्यात पहिली एरर वाचा. शेवटची वाचून काहीच कळत नाही.

‘डिफाइन’ने सुरू होणाऱ्या मॅक्रोची (फ्लुएंटला फंक्शनचं नाव आणि प्रकार सांगणाऱ्या ओळीची) सगळी आर्ग्युमेंट्स एकाच ओळीत हवीत, मॅक्रोचं नाव आणि कंस यांच्यात जागा नको, आणि कॉमेंटमध्येही जुना ‘डिफाइन_प्रोफाइल’ पडून राहू देऊ नका. फ्लुएंट सोर्स फाइल चाळून फंक्शनांच्या नावांची यादी बनवतो, त्यात कॉमेंटमधलं नावही उचललं जातं आणि कंपाइल मोडतं.

कोड बदलला पण निकाल तसाच, अशी तक्रार असेल तर जुनी लायब्ररी अजून लोड आहे. चालू प्रोसेसने धरलेली डीएलएल (लायब्ररीची फाइल) विंडोज बदलू देत नाही. आधी अनलोड, मग बिल्ड, मग लोड, हाच क्रम. मी प्रत्येक लायब्ररीत ‘डिफाइन_एक्झिक्यूट_ऑन_लोडिंग’ घालून त्यात आवृत्तीचा आकडा छापते. लोड करताना कन्सोलवर ‘आवृत्ती ७’ दिसलं नाही, तर पुढचं काहीच तपासायचं नाही.

आता सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नसलेल्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्रॅम कोसळणं. कन्सोलवर ‘सिगसेगव्ही’ दिसला की बरेच जण पॉइंटर शोधायला धावतात. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा कारण एकच असतं. जी गोष्ट अजून अस्तित्वातच नाही ती मागितलेली असते. एनर्जी इक्वेशन बंद असताना ‘सी_टी’ मागितलं, तर तापमानाची जागाच राखलेली नसते. ‘सी_यूडीएमआय’ वापरलं पण यूझर-डिफाइन्ड मेमरीची (आपल्या आकड्यांसाठी राखलेल्या जागेची) संख्या शून्यच ठेवली, तरी तेच. स्टेडी (वेळेनुसार न बदलणाऱ्या) केसमध्ये मागच्या टाइम-स्टेपचं ‘सी_टी_एम१’ मागितलं, तरी तेच.

ग्रेडियंटचं (जागेनुसार मूल्य बदलण्याच्या दराचं) प्रकरण जास्त फसवं आहे. तापमानाचा ग्रेडियंट देणारा ‘सी_टी_जी’ पहिल्या इटरेशनच्या आधी नसतो, आणि नंतरही सॉल्व्हर काम झालं की ती मेमरी मोकळी करतो. टेक्स्ट इंटरफेसमध्ये सॉल्व्ह, सेट, एक्सपर्ट या वाटेने गेलात की ‘तात्पुरती सॉल्व्हर मेमरी मोकळी करू नको’ अशा अर्थाचा प्रश्न येतो, त्याला ‘येस’ द्या. तरीही इनिशियलायझेशननंतरच्या (सुरुवातीची मूल्यं भरल्यानंतरच्या) पहिल्या फेरीसाठी कोडमध्ये ग्रेडियंटची जागा आहे का, हे ‘थ्रेड_स्टोरेज’ ‘एनएनयूएलएलपी’ने तपासून घ्या आणि नसेल तर शून्य परत करा.

मेश म्हणजे जागेचे पाडलेले छोटे तुकडे, त्यातला एक तुकडा म्हणजे सेल, त्याची बाजू म्हणजे फेस, आणि त्यांचा गट म्हणजे थ्रेड. फेसवर काम करताना पलीकडचा सेल देणारा ‘एफ_सी१’ जपून वापरा. आतल्या फेसला दोन्ही बाजूंना सेल असतात, सीमेवरच्या फेसला एकच, त्यामुळे तिथे ‘थ्रेड_टी१’ नल असतो. मल्टिफेजमध्ये (पाणी आणि हवा असे एकाहून जास्त फेज असताना) मिक्श्चरच्या थ्रेडवर ‘सी_व्हीओएफ’, म्हणजे फेजचा आकारमानातला वाटा, मागू नका. ‘थ्रेड_सब_थ्रेड’ने त्या फेजचा थ्रेड काढा आणि त्याच्यावर मागा.

एवढं करूनही फॉल्ट सापडला नाही, तर फंक्शनचं अंग रिकामं करून फक्त एक स्थिर संख्या परत करा. ते चाललं तर हुक (फंक्शन फ्लुएंटला जोडणं) बरोबर आहे, दोष आतल्या ओळींत आहे. मग निम्म्या ओळी परत आणा, चालवा, पुढच्या निम्म्या आणा. लूप असेल तर तो ‘डिफाइन_ऑन_डिमांड’मध्ये हलवून एकदाच, स्वतः बटण दाबून चालवा. सॉल्व्हरची वेळ त्यातून बाजूला होते आणि फक्त तुमचा कोड उरतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती चौथ्या प्रकाराची, कारण तिथे काहीच कोसळत नाही. सुंदर रंगीत चित्र येतं आणि ते चुकीचं असतं. उदाहरण घेऊ. ०.०२ मीटर उंचीच्या चॅनेलमध्ये पॅराबोलिक वेग द्यायचा आहे, मध्यावर १.५ मीटर प्रति सेकंद. अर्धी उंची ‘एच’ म्हणजे ०.०१, ‘वाय’ म्हणजे मध्यापासूनचं अंतर, आणि सूत्र १.५*(१ - (वाय*वाय)/(एच*एच)). सूत्रात ‘वाय*वाय/एच*एच’ असं लिहिलं, तर सी डावीकडून उजवीकडे जातो. एचने भागतो आणि लगेच एचने गुणतो. उरतो फक्त वायचा वर्ग, जास्तीत जास्त ०.०००१. प्रोफाइल सपाट होतं आणि सरासरी वेग जवळपास १.५ येतो. कंस बरोबर असले, पण मेशचा आरंभबिंदू मध्यावर नसून खालच्या भिंतीवर असला, तर वरच्या भिंतीपाशी वेग उणे ४.५ भरतो. म्हणून सोडवायच्या आधीच कागदावर उत्तर काढून ठेवा. अशा प्रोफाइलची सरासरी कमाल वेगाच्या दोन-तृतीयांश, म्हणजे १.० यायला हवी. इनिशियलायझेशननंतर एक इटरेशन द्या आणि इनलेटवरची (प्रवाह आत येतो तिथली) एरिया-वेटेड सरासरी बघा.

सोर्स टर्मलाही हीच कसोटी. १०० वॉट उष्णता ०.००२ घनमीटरमध्ये द्यायची तर ‘डिफाइन_सोर्स’ने ५०,००० परत करायला हवेत, कारण तिथे वॉट प्रति घनमीटर लागतं. स्क्रीनवर एकक काहीही निवडलेलं असो, यूडीएफमध्ये सगळं एसआय, तापमान केल्व्हिनमध्ये. सोर्सचं मूल्य ‘सी_यूडीएमआय’मध्ये साठवा, त्याचा कंटूर काढा आणि व्हॉल्यूम इंटिग्रल १०० येतं का बघा. ‘डिफाइन_सोर्स’ला सॉल्व्हर प्रत्येक सेलसाठी वेगळं बोलावतो, त्याच्या आत पुन्हा सगळ्या सेलांवर लूप लावू नका. ‘डिफाइन_प्रोफाइल’मध्ये मात्र फेसवरचा लूप तुम्हालाच लावायचा असतो.

एका कोअरवर बरोबर आणि अनेकांवर चूक, हे तर हमखास होतं. पॅरलल चालवताना मेश तुकड्यांत वाटली जाते. प्रत्येक नोडला (एक तुकडा सांभाळणाऱ्या प्रोसेसला) आपलाच तुकडा दिसतो, होस्टकडे (नोडांना सूचना देणाऱ्या मुख्य प्रोसेसकडे) एकही सेल नसतो. तुम्ही आउटलेटची बेरीज केलीत तर ती त्या नोडपुरती असते. ‘पीआरएफ_जीआरसम१’ने सगळ्या नोडांची बेरीज एकत्र करा आणि भागाकार त्यानंतरच करा. आउटलेटचा एकही फेस नसलेल्या नोडवर क्षेत्रफळ शून्य असतं. तिथे आधीच भागलं तर शून्य भागिले शून्य होऊन फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन येतो. तुकड्यांच्या शिवणीवरचे फेस दोन्ही नोडांत मोजले जाऊ नयेत म्हणून ‘प्रिन्सिपल_फेस_पी’ लावा. सेलांसाठी ‘बिगिन_सी_लूप_इंट’ घ्या, म्हणजे शेजारच्या तुकड्याचे सेल बेरजेत येत नाहीत. छापायला ‘मेसेज०’ वापरा, नाहीतर तीच ओळ प्रत्येक नोडकडून येत राहील. फाइलमध्ये लिहिण्याचं काम होस्टवरच ठेवा.

ट्रान्झियंट (वेळेनुसार बदलणाऱ्या) केसमध्ये आणखी एक बघा. स्टॅटिक व्हेरिएबल वाढवत टाइम-स्टेप मोजणारा कोड मला वारंवार दिसतो. प्रोफाइल प्रत्येक इटरेशनला बोलावलं जातं, म्हणून एका स्टेपमध्ये २० इटरेशन असतील तर तो आकडा स्टेपमागे २०ने पुढे जातो. वेळ ‘करंट_टाइम’कडून घ्या, स्टेपचा क्रमांक ‘एन_टाइम’कडून. स्टेप संपल्यावर एकदाच करायचं काम ‘डिफाइन_एक्झिक्यूट_ॲट_एंड’मध्ये टाका. केस बंद करून पुन्हा उघडली की स्टॅटिक व्हेरिएबल पुसलं जातं. सेलनिहाय इतिहास टिकवायचा असेल, जसं की प्रत्येक सेलने आजवर गाठलेलं कमाल तापमान, तर तो यूझर-डिफाइन्ड मेमरीत ठेवा, ती डेटा फाइलबरोबर जतन होते. रीस्टार्टनंतर मात्र ‘डिफाइन_इनिट’ चालवू नका. इनिशियलायझेशन झालं की ते फंक्शन चालतं आणि त्यात तुम्ही ती मेमरी शून्य करत असाल, तर साठवलेला सगळा इतिहास जातो.