खुराक पैलवानाचा, नोकरी खुर्चीची: रोज कोल्हापूर-मिरज करणाऱ्यांनी अंग कसं राखायचं

कोल्हापुरात खुराक घराघरात पोचला आणि मेहनत तालमीतच राहिली. आमच्या मंगळवार पेठेत अजूनही गल्लीत एखादे आजोबा असे भेटतात, की ज्यांनी लाल मातीत अंग घासलंय. त्यांनी दूध, तूप, बदाम, मटण मनसोक्त खाल्लं आणि पहाटे शेकड्यांनी जोर-बैठका मारून ते जिरवलं. पुढच्या पिढीकडं ताट तसंच आलं, काम तेवढं बदललं. आपण सकाळी गाडीत बसतो, दिवसभर खुर्चीत बसतो, संध्याकाळी परत गाडीत बसतो. मग तिशीत कंबर धरते, चाळिशीत साखर निघते, आणि घरचे म्हणतात वयच झालं आता.

मी मिरजेत एका खासगी ऑफिसात हिशेबाचं काम करते आणि रोज रेल्वेनं जाऊन-येऊन असते. घरचा स्वयंपाक, मुलांचे डबे माझ्याकडंच. वडील गंगावेशीत तालमीला जायचे, जोर-बैठका मी त्यांच्याकडून अंगणातच शिकले. पुढचं सगळं या दोन्हींचा मेळ घालून लिहिलंय, आणि माझं म्हणणं एवढंच आहे: ताटात खुराक असेल तर आठवड्याच्या हिशेबात मेहनतीची बाजूही भरली पाहिजे, आणि ती भरायला वेगळा मोकळा तास लागत नाही.

चालणं प्रवासात बसवा

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलेलं प्रमाण असं आहे: मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. मध्यम श्रम ओळखायची खूण सोपी. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये.

मंगळवार पेठेतून खासबाग, बिंदू चौक, व्हीनस कॉर्नर करत स्टेशनला झपझप चालत पंचवीस मिनिटं लागतात. ऑफिस सहा दिवसांचं. एका बाजूनं चाललं तरी आठवड्याची १५० मिनिटं भरतात, संध्याकाळी परतही चालत आलं तर ३००. हा हिशेब मांडला तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण यात एकही मिनिट घरातून चोरावं लागत नाही. रिक्षाची वाट बघणं, दसरा चौकातल्या गर्दीत अडकणं, गाडी लावायला जागा शोधणं हे सगळं धरलं, तर चालणं दहा-बारा मिनिटांनीच महाग पडतं.

तुमचं घर लांब असेल, फुलेवाडीला किंवा कळंब्याला, तर केएमटीतून, म्हणजे शहराच्या बसमधून, शेवटच्या दोन थांब्यांआधी उतरा. दुचाकीनं स्टेशनला येत असाल तर ती स्टेशनाच्या दारात लावू नका, पंधरा मिनिटं आधी कुणा ओळखीच्या माणसाच्या दारात लावा.

बायकांसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगते. ऑफिसच्या चपला ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच राहू द्या आणि चालायला कॅनव्हासचे किंवा पळायचे बूट घाला. साडीवर बूट दिसतात म्हणून लाजू नका, पायांना रोज हजारो पावलं सोसायची असतात. दुसरं म्हणजे खांद्यावरची एकबंदी पर्स. डबा, पाण्याची बाटली, छत्री, चार्जर असं सगळं एका खांद्याला लोंबतं आणि मान त्याच बाजूला धरते. दोन्ही खांद्यांवर घ्यायची सॅक वापरा.

पावसाळ्यात वाऱ्यापुढं छत्री टिकत नाही आणि रस्त्यांची डबकी होतात. तेव्हा मी स्टेशनपर्यंत रिक्षा करते आणि गाडी सुटेपर्यंत प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. गाडीला उशीर झाला तर तेवढ्याच फेऱ्या वाढतात.

आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी अशी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर एक अभ्यास आला होता. दिवसाला आठ तासांवर बसणाऱ्यांमध्ये मृत्यूचा जो जास्तीचा धोका दिसतो, तो रोज साठ ते पंच्याहत्तर मिनिटं मध्यम श्रम करणाऱ्यांत उरला नव्हता. म्हणजे आपल्यासारख्यांनी १५० मिनिटांवर समाधान मानू नये. दोन्ही बाजूंनी चाला.

गाडीत

जागा मिळाली म्हणून मिरजेपर्यंत बसून राहायचं, ही सवय मोडा. मी जयसिंगपूरपर्यंत बसते आणि ते आलं की उठते. पुढं कृष्णेचा पूल ओलांडून मिरज येईपर्यंत दांडी धरून उभी राहते. तेवढ्यात टाचा वर उचलणं, सावकाश खाली टेकवणं चालू असतं. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. दिवसभर बसून संध्याकाळी ज्यांचे घोटे सुजतात त्यांना फरक जाणवेल. मिरजेला उतरल्यावर पुलाचा जिना कडेनं धरून, न थांबता चढा.

बसलेलं असताना मोबाइल मांडीवर ठेवून मान खाली घालू नका. कोपर सॅकवर टेकवून मोबाइल डोळ्यांसमोर धरा.

कागलच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दुचाकीनं जाणाऱ्यांचं दुखणं वेगळं. हायवेवर अर्धा तास एकाच अवस्थेत बसायचं, वर खड्ड्यांचे दणके. मागच्या खिशातलं पाकीट काढून पुढं ठेवा, त्यामुळं कंबर एका बाजूला तिरकी होते. टायरमधली हवा नियमित बघा. उतरल्यावर कामाला भिडण्याआधी दोन्ही हात कंबरेवर ठेवून चार-पाच वेळा मागं वाका आणि गाडीभोवती दोन फेऱ्या मारा. इचलकरंजीला एसटीनं जाणाऱ्यांनी मधला एखादा टप्पा उभ्यानं जायला हरकत नाही.

ऑफिसात

अर्ध्या-पाऊण तासानं उठायचं, एवढाच नियम. आठवण राहत नाही म्हणून मी पाण्याची लहान बाटली ठेवते. ती सारखी रिकामी होते, भरायला उठावं लागतं, आणि पाणी प्यालं की परत उठावं लागतंच. फोन आला की उभं राहून बोलते. शेजारच्या टेबलावर निरोप द्यायचा असेल तर जाऊन देते.

खुर्चीत पाय अधांतरी राहत असतील तर खाली जुन्या फायलींचा गठ्ठा ठेवा. लॅपटॉप उंचावर आणि कीबोर्ड वेगळा, म्हणजे मान सरळ राहते. दुपारी जेवल्यावर लगेच खुर्चीत बसू नका. दहा-पंधरा मिनिटं बाहेर चाला, जेवणानंतर रक्तातली साखर चढते ती त्यानं कमी चढते. सोबत कुणाला तरी घ्या. आमच्या ऑफिसातल्या तिघीजणी आता न बोलावता येतात.

बुधवार आणि रविवारची मेहनत

आता महत्त्वाचं. नुसत्या चालण्यावर भागत नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, आणि खाल्लेल्या साखरेचा सगळ्यात मोठा भाग स्नायूच ओढून घेतात. मांड्या आणि ढुंगण हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, दिवसभर आपण त्यांच्यावरच बसतो. बैठक नेमकी त्यांनाच कामाला लावते.

यासाठी जिमच हवी असं नाही. लावली असेल आणि जाणं होत असेल तर उत्तम. पण १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, आणि त्यांच्या पिढीची मेहनत मुख्यतः जोर, बैठका, मुदगल आणि माती यांवर होती. आपल्याला कुस्ती मारायची नाही, पण साधन घरात आहे हे विसरायला नको.

आमच्याकडं मटण बुधवारी आणि रविवारी असतं. म्हणून मेहनतही बुधवारी आणि रविवारी. खुराकाच्या दिवशीच मेहनत, हे वडिलांना फार पटलं. ‘जिरवून खा,’ एवढंच म्हणाले. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

बैठक: खुर्ची भिंतीला टेकवून मागं ठेवा. पाय खांद्यांइतके फाकवा, पावलं किंचित बाहेर. खुर्चीत बसायला निघाल्यासारखं ढुंगण मागं न्या, टाचा जमिनीवरच राहू द्या, गुडघे पावलांच्या दिशेनं वाकू द्या. खुर्चीला जेमतेम स्पर्श झाला की उठा. खाली जाताना श्वास आत, उठताना बाहेर. दहाच्या दोन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं दम घ्या. शेवटच्या दोन-तीन बैठकांना कस लागला पाहिजे, नसेल लागत तर आकडा वाढवा. पैलवान टाचा उचलून, हात झुलवत वेगात खाली जातात. ते बघायला देखणं असतं, पण गुडघ्यांवर भार जास्त येतो. चाळिशीत नव्यानं सुरू करणाऱ्यांनी त्या नादाला लागू नये.

जोर: पहिले काही आठवडे भिंतीचे. हातभर लांब उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला टेकवा, अंग डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ ठेवून कोपरं वाकवा आणि परत ढकला. दहा-बारा सहज व्हायला लागले की स्वयंपाकाच्या ओट्यावर या. दूध तापेपर्यंत एक फेरी होते. मग पायरीवर, आणि मग जमिनीवर. बायकांना जोर जमत नाहीत हा समज खोटा आहे, उतरंड नीट धरली की जमतात.

ओढणं: जोर मारताना आपण ढकलतो, पण बसून बसून वाकलेली पाठ ओढण्यानं सुधारते. बादली अर्धी भरा. एक हात ओट्यावर टेका, कंबरेतून पुढं वाका, पाठ सपाट, आणि दुसऱ्या हातानं बादली बरगडीपर्यंत ओढा. कोपर मागं गेलं पाहिजे. दोन्ही बाजूंनी दहा-दहा.

शेवटी एक ताण. एक गुडघा चटईवर, दुसरा पाय पुढं काटकोनात, आणि कंबर पुढं ढकलून अर्धा मिनिट थांबा. बसून बसून जांघेचा पुढचा भाग आखडतो, तो यानं सुटतो.

पहाटे उठण्यासाठी झोप तोडू नका. सात तास झोप होत नसेल तर मेहनत संध्याकाळी, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत करा.

खुराक

मटण सोडा असं मी सांगणार नाही. तांबड्या रश्श्याच्या कटावरचं तेल आणि पांढऱ्या रश्श्यातलं नारळाचं दूध, काजू, खसखस यांचा विचार करून वाट्या मोजाव्यात एवढंच. पिसेस घ्या, रस्सा वाटीभर, भात कमी, भाकरी एक, कांदा-काकडी भरपूर.

खरी गडबड रोजच्या चहात असते. कपाला दोन चमचे साखर म्हणजे साधारण आठ ते दहा ग्रॅम. घरी एक, स्टेशनवर एक, ऑफिसात दोन झाले की चाळीस ग्रॅमपर्यंत जाते. जागतिक आरोग्य संघटना वरची साखर दिवसाला शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. गुळाचा चहाही यात धरा, गूळ आपला असला तरी साखरच आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबानं दर किलो वजनामागं ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. डब्यात नुसती चपाती-बटाटा नेला तर ती भरत नाहीत. मटकीची किंवा मसुराची उसळ, दही, उकडलेलं अंडं, मूठभर शेंगदाणे, ज्वारीची भाकरी असा डबा ठेवा. आणि संध्याकाळच्या गाडीत भूक लागतेच, तेव्हा भडंगाचा पुडा पुढं येण्याआधी फुटाणे आणि एखादं केळं सॅकमध्ये असू द्या. भडंग चवीला झकास, पण तेल आणि मीठ पोटभर जातं.

रविवारी मेहनत झाल्यावर घरच्यांना घेऊन रंकाळ्याला जा. पूर्ण फेरी चारएक किलोमीटरची आहे. आधी फेरी, मग भेळ.

कुणी थांबावं

चालताना छातीत दुखत असेल, दम अचानक वाढला असेल, कंबरेतून पायात कळ जाऊन मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर आधी डॉक्टर. रक्तदाबाची, साखरेची औषधं चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनीही विचारूनच सुरुवात करावी. बैठकांनंतर मांड्या दोन दिवस ठणकतात, ते चालतं. गुडघ्यात टोचत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा आणि कमी वाका.

वजनकाट्याच्या फार मागं लागू नका. शिवणकामाची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, पोट सैल ठेवून माप घ्या. बायकांचं ८० सेंटीमीटरच्या आत आणि पुरुषांचं ९० च्या आत असावं. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी परत मोजा. हलला नसेल तर आधी चहाचे कप आणि गाडीतलं खाणं तपासा, मग बुधवारच्या बैठकांत एक फेरी वाढवा.