लिलावातून जुनं नॅस घेताना

गिरगाव-दादरकडच्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. सीए आहेत, वकील आहेत, लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओ आहेत. सगळ्यांकडे डेटा भरपूर आणि बजेट बेताचं. नवं फोर-बे नॅस (ऑफिसच्या नेटवर्कला जोडून सगळ्यांच्या फाइल एका जागी ठेवणारा, चार डिस्कचा डबा) आणि चार नव्या डिस्क म्हटलं की आकडा ऐकूनच माणूस परत एक्स्टर्नल हार्डडिस्कच्या ढिगाकडे वळतो, आणि त्या ढिगातली एखादी डिस्क गेली की कुणाच्या तरी लग्नाचे फोटो कायमचे जातात. हे होऊ नये म्हणून मी वापरलेली नॅस ऑनलाइन लिलावातून घेतो. तुम्हीही घ्या. फक्त एक गोष्ट पक्की धरा: बोली लावायची ती डब्याची. आतल्या जुन्या डिस्कची किंमत शून्य.

डब्यात झिजणारं असं फारसं काही नसतं. पंखा बदलता येतो, अडॅप्टर बदलता येतो, बोर्ड नीट असेल तर वर्षानुवर्षं चालतो. डिस्क मात्र रात्रंदिवस फिरलेली असते. विकणारा ‘१६ टीबीसह’ असं ठळक लिहितो आणि लोक त्या १६ टीबीवर बोली चढवत नेतात. तिथंच पैसे जातात.

आता लिलाव कुठले? ईबेची भारतातली साइट २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. परदेशातल्या साइटवर माल स्वस्त दिसतो, पण वापरलेला कॉम्प्युटर-माल आयात करण्यावर आपल्याकडे निर्बंध आहेत. कस्टम्समध्ये पार्सल अडकलं की सोडवता सोडवता नाकी नऊ येतात. त्या वाटेला जाऊ नका. एमएसटीसी ही १९६४ पासूनची सरकारी कंपनी आहे. सरकारी खाती आणि सार्वजनिक उपक्रम तिच्या पोर्टलवर जुना माल काढतात. तिथं अनामत रक्कम आधी भरावी लागते, माल ‘जसा आहे, जिथे आहे’ तत्त्वावर मिळतो, बोलीवर जीएसटी वेगळा लागतो आणि दिलेल्या मुदतीत माल स्वतः उचलावा लागतो. लॉट ई-कचरा म्हणून काढला असेल तर बोली सहसा नोंदणीकृत रीसायकलरनाच लावता येते. म्हणून अटींची पीडीएफ आधी शेवटपर्यंत वाचा, अनामत मग भरा. तुमच्या-माझ्यासारख्याला खरा उपयोग होतो तो लिक्विडेशनवाल्यांच्या लिलावांचा. बीकेसीत किंवा अंधेरीत एखादं ऑफिस बंद झालं की त्याचा अख्खा लॉट हे लोक उचलतात आणि एकेक नग लिलावात काढतात. माल बहुतेक साकीनाका-कुर्ल्याच्या गोदामात पडलेला असतो, म्हणजे जाऊन बघता येतो. मुंबईत राहण्याचा हा मोठा फायदा आहे, तो सोडू नका.

बोलीच्या आधी मॉडेल नंबर वाचायला शिका. सिनॉलॉजी या नॅस बनवणाऱ्या कंपनीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे सालाचे असतात. डीएस९१८+ म्हणजे २०१८ चं मॉडेल. आधीचा ९ हा एक्स्पान्शन युनिट (जादा डिस्कचा जोडडबा) जोडून जास्तीत जास्त किती डिस्क बसतील ते सांगतो. मूळ डबा चारच डिस्कचा आहे. लिलावात ‘नऊ डिस्कचं नॅस’ असं कुणी लिहिलं असेल तर त्याला माल कळत नाही असं समजा आणि बाकीची माहितीही तपासून घ्या. साल कळलं की कंपनीच्या साइटवर जाऊन त्या मॉडेलला सिक्युरिटी अपडेट अजून मिळतात का ते बघा. मिळत नसतील तर फुकट दिलं तरी घेऊ नका. डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या माय बुक लाइव्ह या नॅसचे अपडेट २०१५ ला थांबले होते आणि २०२१ च्या जूनमध्ये इंटरनेटवरून जगभरातल्या असंख्य डब्यांमधला डेटा पुसला गेला.

सिनॉलॉजीची डीएस४१५+, डीएस१५१५+ आणि डीएस१८१५+ ही नावं लिहूनच ठेवा. यांत इंटेलचा ॲटम सी२००० प्रोसेसर आहे. त्याच्या क्लॉक सिग्नलमधला दोष २०१७ च्या सुरुवातीला उघड झाला. डबा छान चालत असतो, आणि एकदा बंद केला की पुन्हा सुरूच होत नाही. लिलावात ही मॉडेल हमखास स्वस्तात दिसतात. लॅमिंग्टन रोडला बोर्डावर रेझिस्टर सोल्डर करून ती जिवंत करणारा कारागीर गाठता येईलही, पण दुसऱ्याच्या डेटासाठी मी तो डबा वापरणार नाही.

फोटो मागून घ्या. लिलावात टाकलेला समोरचा चकचकीत फोटो काही कामाचा नाही. मागच्या बाजूचं लेबल, सगळे ट्रे बाहेर काढून ओळीने ठेवलेले, अडॅप्टरवरचं लेबल आणि डबा चालू असताना लागलेले दिवे, एवढं हवंच. ट्रे सुटे मिळायला फार त्रास होतो. दोन ट्रे कमी असतील तर त्या बॉक्सला मी दोन कप्प्यांचाच धरतो. रिकाम्या कप्प्यात टॉर्च मारून आतल्या कनेक्टरचाही फोटो मागा. समुद्राजवळच्या ऑफिसातला, एसी नसलेल्या खोलीतला माल असेल तर स्क्रूच्या डोक्यावर गंज आणि सोनेरी पिनांवर हिरवट थर दिसतो. खारी हवा आणि चार पावसाळे बोर्डाला पुरतात. असा माल सोडून द्या.

बोलीची हद्द आधी ठरवा आणि कागदावर लिहा. माझा हिशोब असा: त्याच कंपनीच्या आजच्या तेवढ्याच कप्प्यांच्या नव्या डब्याची किंमत घ्यायची आणि तिच्या ४० टक्क्यांवर थांबायचं. जीएसटी, साइटची फी आणि टेम्पोचं भाडं त्या ४० टक्क्यांतच बसलं पाहिजे. काही साइटवर शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढतो, तिथं शेवटच्या क्षणाला उडी मारून काही साधत नाही. उगाच चढाओढ होते. हद्द ओलांडली की लॅपटॉप मिटा. तसाच डबा पुन्हा येतो.

रॅकचे सर्व्हर फार स्वस्तात जाताना दिसतील. वन-बीएचकेत तो पंख्यांचा आवाज घरच्यांना झोपू देणार नाही. शिवाय १५० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला १०८ युनिट. साधं फोर-बे नॅस ३० वॅटच्या आसपास चालतं, म्हणजे साधारण २२ युनिट. त्या सर्व्हरमधल्या एसएएस (सर्व्हरसाठीच्या वेगळ्या जोडणीच्या) डिस्क आपल्या साटा (साध्या कॉम्प्युटरच्या जोडणीच्या) नॅसमध्ये बसतही नाहीत.

माल उचलायला जाताना लॅपटॉप, लॅन केबल, टॉर्च आणि एक चालू, रिकामी डिस्क घेऊन जा. डबा सुरू करा आणि तीच डिस्क पहिल्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत फिरवा. प्रत्येक ठिकाणी दिवा लागतो का, डिस्क फिरल्याचं बोटांना जाणवतं का, स्क्रीनवर ओळखली जाते का, ते बघा. आधी आणि नंतर डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) काढा आणि १९९ नंबरची ओळ पाहा. ती यूडीएमए सीआरसी एररची ओळ, म्हणजे डिस्क आणि डब्यातल्या देवाणघेवाणीत झालेल्या चुकांची. आकडा एखाद्या विशिष्ट कप्प्यातच वाढत असेल तर डिस्क ठीक आहे, त्या कप्प्याचा कनेक्टर किंवा मागचा बोर्ड गेलेला आहे. दहा मिनिटांचं काम आहे. गोदामवाला घाई करेल, करू द्या.

सोबत आलेल्या डिस्क टाकून द्यायच्याच असं नाही, पण त्यांना परीक्षा द्यायला लावा. स्मार्ट माहितीतल्या ५, १९७ आणि १९८ या (डिस्कवरच्या खराब जागांच्या) ओळींत शून्याशिवाय काही दिसलं तर ती डिस्क बाद. पॉवर ऑन अवर्समध्ये (डिस्क किती तास चालली ती ओळ) ८,७६० तास म्हणजे एक वर्ष. ४० हजारांच्या पुढे गेलेली डिस्क मी कुणाच्या कामाच्या डेटासाठी वापरत नाही. हा आकडा पुसताही येतो: २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, त्यांचे तास शून्यावर आणलेले होते. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते. स्मार्ट माहिती वाचणाऱ्या स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रॅमच्या ७.४ आवृत्तीपासून ती वाचता येते, ती जरूर ताडून बघा. त्यानंतर बॅडब्लॉक्स या प्रोग्रॅमची लिहिण्या-वाचण्याची पूर्ण चाचणी लावा. ४ टीबीला दोन-तीन दिवस लागतात.

त्या डिस्कवर कुणाचे तरी पगारपत्रक, आधारच्या प्रती, पेशंटचे रिपोर्ट असू शकतात. फोल्डर उघडू नका. चाचणीत सगळी डिस्क लिहिली जातेच, म्हणजे जुना डेटाही पुसला जातो. बाद ठरलेल्या डिस्कला मात्र ड्रिलने आरपार भोकं पाडूनच ई-कचऱ्यात द्या.

सिनॉलॉजी असेल तर मागचं रीसेटचं बटण बीप येईपर्यंत दाबा, सोडा, आणि लगेच पुन्हा तीन बीप येईपर्यंत दाबा. सिस्टिम नव्याने टाकता येते आणि जुन्या मालकाचे पासवर्ड जातात. मग अपडेट, नवा ॲडमिन यूझर, आणि राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट नॅसपर्यंत येणारी वाट) बंद. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट या रॅन्समवेअरने (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) इंटरनेटला उघडी असलेली क्यूनॅप या कंपनीची नॅस गाठली होती. बाहेरून फाइल हव्याच असतील तर व्हीपीएन लावा. आणि स्टुडिओवाल्यांना मी पहिल्याच दिवशी बजावतो, रेड (एक डिस्क गेली तरी डेटा राहावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडणं) म्हणजे बॅकअप नाही. एक मोठी नवी एक्स्टर्नल डिस्क घ्यायची, आठवड्यातून एकदा कॉपी मारायची आणि ती घरी न्यायची, स्टुडिओत ठेवायची नाही.