घरगुती हिंसाचाराची केस करताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडून लग्न होऊन बडोद्यात आलेल्या मुलींची एक अडचण चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. त्यांना गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. इथल्या कोर्टाचं कामकाज गुजरातीत, अर्जही गुजरातीत टाइप होतो आणि ‘इथे सही करा’ म्हटलं की त्या सही करतात. असं करू नका. अर्ज मराठीत नीट समजावून घ्या, मगच सही. मारहाणीची तारीख चुकली किंवा एखादा प्रसंग गळला, तर उलटतपासणीत तेच तुमच्यावर उलटतं.

वकिलाच्या फीचा विचार करून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि तिला उत्पन्नाची अट नाही. तुम्ही नोकरी करत असलात तरी नाही. दिवाळीपुऱ्यातल्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा.

सगळ्यात महागात पडते ती मागणीतली चूक. ‘मला घटस्फोट नको, मग कोर्टात कशाला जाऊ?’ असं कितीतरी जणी म्हणतात. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात घटस्फोटाची अटच नाही. संसार न मोडताही मारहाण थांबवण्याचा आदेश, म्हणजे संरक्षण आदेश, मागता येतो. राहण्याची सोय, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा, स्त्रीधन हेही त्याच अर्जात मागता येतं, पण प्रत्येक गोष्ट स्पष्ट लिहून मागावी लागते. त्यातही कलम २३ खालची अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशाची मागणी कधीही राहू देऊ नका. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात महिनोन्‌महिने जातात. तेवढे दिवस मुलांची फी कुठून भरायची, झोपायचं कुठे? प्रतिज्ञापत्र जोडलेलं असेल आणि तथ्य दिसलं, तर मॅजिस्ट्रेट नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीही तात्पुरता आदेश देऊ शकतात.

‘घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काय हक्क?’ या वाक्याला घाबरून बॅग भरू नका. सून जिथे संसार करत होती ते सासू-सासऱ्यांचं घरही ‘सामायिक घर’, म्हणजे तिला राहण्याचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. जिवाला धोका असेल तर मात्र कागदपत्रांसाठीही थांबू नका. १८१ ला, म्हणजे अभयम या गुजरातच्या महिला हेल्पलाइनला फोन करा आणि बाहेर पडा. घर सोडलं म्हणून हक्क संपत नाही. माहेरी गेलात तर जळगावच्या कोर्टातही अर्ज करता येतो, तात्पुरत्या राहण्याचं ठिकाणही कायद्याला चालतं.

सयाजी हॉस्पिटलमध्ये नेलं तर ‘बाथरूममध्ये घसरले’ म्हणू नका. सासू शेजारी उभी असते, मला कळतं. डॉक्टरांना सांगा, हिला बाहेर थांबवा. तुम्ही जे सांगाल तेच केसपेपरवर येतं आणि पुढे तोच कागद कोर्टात बोलतो.

आणि आदेश मिळाल्यावर नवऱ्याने पुन्हा हात उचलला, तर ‘एकदा माफ केलं’ म्हणून सोडून देऊ नका. संरक्षण आदेश मोडणं हा अजामीनपात्र गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आदेशाची प्रत कोर्टाकडून मोफत मिळते. ती कपाटात नको, पर्समध्ये ठेवा, आणि तिचा फोटो आईच्या फोनमध्ये आजच पाठवून ठेवा.