कराओकेत जपानी रॉक गायचंय? मग आधी गाणं नीट निवडा

जपानमध्ये कराओके बॉक्सला (गाण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या खासगी खोलीत) गेलात की पहिली चूक सगळे तीच करतात, आवडतं गाणं लावतात. आवडणं वेगळं आणि गाता येणं वेगळं हो! एक्स जपान हा रॉक बँड ऐकायला भारी, पण तो सूर पकडायला गेलात तर दुसऱ्याच कडव्यात घसा बसतो (अनुभवाचे बोल).

सुरुवात द ब्लू हार्ट्स या बँडपासून करा. त्यांचं 1987 चं 'लिंडा लिंडा' घ्या, सुरुवातीला संथ दोन-चार ओळी आणि मग ध्रुवपदात तेच दोन शब्द ओरडायचे, सूर थोडा हलला तरी कोणी बघत नाही कारण तोवर अख्खी खोली उड्या मारत असते. स्पिट्झ या बँडचं 1996 चं 'चेरी' पण मस्त, लय निवांत आहे, फक्त गायकाचा आवाज उंच, म्हणून रिमोटवर 'की' (गाण्याची पट्टी) दोन-तीन पायऱ्या खाली घ्या, त्यात लाज कसली.

उच्चारांचं टेन्शन नको, आ-इ-उ-ए-ओ आपल्यासारखेच. खरी अडचण स्क्रीनची, कांजीवर (चिनीतून आलेल्या अक्षरांवर) छोटे काना (उच्चार दाखवणारी जपानी अक्षरं) असतात पण काना वाचता यायला हवेत ना, म्हणून बोल घरीच देवनागरीत लिहून न्या. निवडताना एकच टेस्ट, मूळ गाण्यासोबत गुणगुणून बघा, श्वास घ्यायला जागा मिळत नसेल तर ते गाणं सोडा. इंग्रजी रॅप मध्येच येणारी गाणी तर लांबच ठेवा.