शेवटचा टॉप-अप

भूलशास्त्राच्या पहिल्या वर्षाला लागलात की दुर्बिणीच्या ऑपरेशनला एक वाक्य रोज कानावर पडेल: "मॅडम, पोट टाइट आहे, रिलॅक्संट द्या." रिलॅक्संट म्हणजे स्नायू सैल करणारं औषध; अट्राक्युरियम त्यातलंच एक. सुरुवातीचे सहा महिने हे ऐकलं की माझा हात थेट अट्राक्युरियमच्या सिरिंजकडे जायचा. तसं करू नका. आधी गॅसचा दाब बघा. पोटात कार्बन डायऑक्साइड साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने भरतात. सिलिंडर संपत आलं असेल, पोर्टमधून (दुर्बीण आत घालायच्या नळीतून) गॅस गळत असेल किंवा भूलच हलकी पडली असेल, तर रिलॅक्संट वाढवून मूळ कारण जात नाही. कॅप्नोग्राफच्या (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर मध्येच खाच दिसली, तर मात्र डायफ्रॅम, म्हणजे श्वासपटल, हलायला लागलाय. रिलॅक्संटचा असर आपण अंगठ्याच्या हालचालीवरून मोजतो, पण डायफ्रॅम अंगठ्याच्या आधी जागा होतो, म्हणून अंगठा निपचित असतानाही पेशंटला उचकी लागू शकते.

माझी चूक पित्ताशयाच्या ऑपरेशनला झाली. पित्ताशय यकृतापासून सोडवत असताना सर्जननी रिलॅक्संट मागितलं आणि मी १० मिलिग्रॅम अट्राक्युरियमचा टॉप-अप, म्हणजे वाढीव डोस, दिला. आठ मिनिटांत पित्ताशय बाहेर! उघड्या ऑपरेशनमध्ये पोट शिवेपर्यंत औषध उतरायला वेळ मिळतो. इथे चार छोटी छिद्रं, मोजके टाके, संपलं. मी लगेच रिलॅक्संट उतरवणारं निओस्टिग्मिन दिलं. बाईंनी डोळे उघडले, श्वास घेतला, मी श्वासनलिकेतली ट्यूब काढली.

रिकव्हरीत त्यांची हनुवटी गळाली. पोट वर येताना छाती आत जात होती, सॅच्युरेशन ८६. सीनियर धावत आले, मास्क-बॅगने अर्धा तास श्वास दिला. संध्याकाळी वॉर्डात गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, सगळं ऐकू येत होतं, पण जीभसुद्धा हलत नव्हती." माणूस पूर्ण जागा, आणि श्वासासाठी आतून धडपडतोय. हे आपल्या हातून कुणाच्याही वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितेय.

डोळे उघडणं, मान उचलणं यावर विसंबू नका. ट्रेन-ऑफ-फोर लावा: मनगटापाशी अल्नर नर्व्हवर (अंगठा हलवणाऱ्या नसेवर) दर अर्ध्या सेकंदाला एक, असे विजेचे चार हलके झटके. चौथ्या झटक्याला अंगठा किती हलतो, त्याचं पहिल्याशी गुणोत्तर ०.९ झाल्याशिवाय ट्यूब काढायची नाही. नुसत्या नजरेने किंवा बोटाने बघाल तर ०.४ च्या पुढचा फरक कळतच नाही, म्हणून आकडा दाखवणारं यंत्र हवं. निओस्टिग्मिनलाही मर्यादा आहे, ब्लॉक, म्हणजे रिलॅक्संटचा असर, खोल असताना ते पुरत नाही. चारही झटक्यांना अंगठा हलू लागला की मगच द्या, नाडी मंदावू न देणाऱ्या ग्लायकोपायरोलेटसोबत. रिलॅक्संट उतरवणारं दुसरं औषध, सुगामाडेक्स, झकास आहे, पण महाग, आणि चालतं फक्त रोक्युरोनियम-व्हेक्युरोनियम या रिलॅक्संटवर. अट्राक्युरियमवर त्याचा काही उपयोग नाही.

अडचण खरी अशी की दुर्बिणीच्या ऑपरेशनला दोन्ही हात अंगालगत बांधून वरून ड्रेप (निर्जंतुक कापड) टाकतात. अंगठा दबला की आकडा खोटा येतो. म्हणून ड्रेप पडायच्या आधीच एक हात बाहेर मागून घ्या, अंगठा मोकळा ठेवा, आणि पेशंट झोपल्यावर पण रिलॅक्संट देण्याआधी बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठी सुरुवातीचा आकडा, घ्या. सुरुवातीला थिएटरमधली मंडळी कुरकुर करतात. करू द्या.

आता शेवटाकडे कुणी रिलॅक्संट मागितलं की मी आधी विचारते, "सर, अजून किती वेळ?" दहा मिनिटं म्हणाले तर भूल गाढ करणाऱ्या प्रोपोफॉलचा छोटा डोस देते, आणि अट्राक्युरियमची सिरिंज ट्रेमध्येच राहते.